चार नंबरचा उजवा हात

९ जानेवारी

प्रिय ताई,

स्वेटर मिळाला. बाह्या चार बोटं लांब आहेत. मी अजून वाढतोय असं तुला वाटतं की काय? चाळिशी आली माझी. पण ऊब चांगली आहे, आणि आमच्या मेडिकल कॉलेजच्या हॉलमध्ये ऊब लागतेच. देह टिकावेत म्हणून खिडक्या उत्तरेच्या ठेवल्यात आणि शेगडीला बंदी. बारा टेबलं, बारा देह, आणि कोपऱ्यात स्टुलावर बसलेला मी तेरावा. फरक एवढाच की मला पगार मिळतो.

शरीररचनेच्या पुस्तकाचं काम अर्ध्यावर आलंय. दोनशे चित्रांपैकी नव्वद झाली. पुस्तक लिहिणारे सर खूष आहेत, म्हणजे ओरडत नाहीत. परवा त्यांनी मला जुन्या पुस्तकांचं कपाट उघडून दिलं. ताई, तू ती चित्रं बघायला हवी होतीस. त्या काळच्या चित्रांत मेलेला माणूस टेबलावर पडलेला नसतोच. अंगावर कातडी नाही, स्नायू लोंबतायत, पण पठ्ठ्या उभा असतो, मागे डोंगर, झाडं, नदी. एकानं तर स्वतःची कातडी हातावर टाकलीय, धुवायला न्यायच्या कपड्यांसारखी. मोठमोठे चित्रकार आणि शिल्पकार असे चोरून मढी उघडून बघत होते, म्हणून त्यांच्या पुतळ्यांचे गुडघे खरे वाटतात. आणि ती माणसं कोण? फासावर गेलेली, नाहीतर बेवारस. पुस्तकावर चित्रकाराचं नाव आहे, डॉक्टरचं आहे, छापणाऱ्याचंसुद्धा आहे. ज्याचा देह, त्याचं कुठेच नाही.

आमच्याकडेही नाव नसतं, नंबर असतो. चेहरा पहिल्या दिवसापासून फडक्यानं बांधलेला. तशी विनंती मीच केली होती. चेहरा दिसला की माझ्या हातून रेघ सरळ येत नाही.

आता अडलंय ते हातापाशी. येणारे सगळे महिनोन्‌महिने खाटेवर पडून गेलेले, हात म्हणजे काटक्या. आयुष्यभर काम केलेला एक चांगला हात मिळत नाही, ताई. तो मिळाला तर पुस्तकातलं सगळ्यात देखणं पान होईल.

बाबांना काही सांगू नकोस. सहा वर्षांपूर्वी जे म्हणाले ते माझ्या लक्षात आहे. "मढ्यांची चित्रं कुणाच्या दारावर लावणार आहेस?" ते रंगवतात त्या पाट्या दुकानांच्या दारावर लागतात, माझं काही लागत नाही, कबूल.

तुझा,
धाकटा


१७ जानेवारी

धाकट्या,

बाह्या लांब आहेत तर दुमड. तुझी मापं माझ्याकडे सहा वर्षांपूर्वीची आहेत. माणूस समोर येईल तर टेप लावता येईल ना?

बाबांना सांगू नकोस म्हणे. अरे, तुझं प्रत्येक पत्र मी स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचते. बाबा बाहेर कामाच्या खोलीत ब्रश धूत बसतात आणि ऐकत नाहीत असं दाखवतात. परवा एकच ब्रश अर्धा तास धुतला. टर्पेंटाइनच्या वासानं माझं डोकं उठलं. शेवटी म्हणाले, "अजून पेन्सिल दाबूनच काढत असणार. हलका हात ठेव म्हणावं, कागद फाटतो." मग शिडी उचलली आणि केशकर्तनालयाची पाटी रंगवायला गेले. शहात्तराव्या वर्षी शिडीवर चढतात, मी काही बोलले तर म्हणतात, तू खाली धर.

रात्री जेवताना एकदम म्हणाले, "चांगला हात म्हणजे कसला हवाय त्याला?" मी म्हटलं, तुम्हीच विचारा की पत्र लिहून. त्यांनी ताटातलं संपवलं आणि उठले. तुम्ही दोघं एकाच लाकडाचे आहात, मला मध्ये पाचर करून ठेवलंय.

खोकला आहे त्यांना. ये एकदा. रुसवा धरून ठेवायला तू काही लहान नाहीस.

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र कसं लिहावं ते कळत नाही म्हणून सरळ लिहिते. बाबा गेले. सोमवारी, दुपारी साडेतीनला, हॉस्पिटलमध्ये. चार दिवसांत आटोपलं. त्रास फार झाला नाही. मी जवळ होते.

तुला मुद्दाम कळवलं नाही. सगळं झाल्यावर कळव, असं त्यांनीच मला बजावलं होतं, आणि तसं वचन घेतलं होतं. सगळं त्यांच्या मनासारखं झालं.

त्यांचे ब्रश धुऊन ठेवलेत. शेवटची पाटी अर्धी राहिली.

ताई


६ एप्रिल

ताई,

वचन? माझा बाप मरतो आणि मला पोस्टमन सांगतो. मी दोन तासांच्या गाडीच्या अंतरावर बसून कुणा परक्याचा खांदा रंगवत होतो. तुला एकदाही वाटलं नाही की याला बोलवावं?

सहा वर्षं मी वाट बघत होतो की ते एक ओळ लिहितील. आता तुला सांगायला हरकत नाही. दर दिवाळी नाही, दसरा नाही, फक्त एक ओळ. त्यांनी शेवटीही मला दारातच ठेवलं, आणि दार तू लावलंस.

कुठे नेलं त्यांना शेवटी? निदान ती जागा तरी सांग.


१२ एप्रिल

धाकट्या,

त्यांनी सांगितलं तिथे नेलं. यापेक्षा जास्त मला आत्ता लिहिता येत नाही. तू रागाव. तुझा राग मला परवडतो, त्यांचं वचन मोडणं परवडत नाही.

जेवत जा.

ताई


२० सप्टेंबर

प्रिय ताई,

पाच महिने लिहिलं नाही. राग केव्हाच गेला होता, लाज मागे राहिली होती. आज लिहितोय कारण एक आनंदाची गोष्ट झाली आणि ती सांगायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही.

हात मिळाला.

चार नंबरचं टेबल. म्हातारा पुरुष, हाडापेरानं मजबूत, कुणीतरी आपखुशीनं देह दिलेला. मी पोचलो तेव्हा सरांनी उजव्या हाताची त्वचा आधीच काढून ठेवली होती. ताई, काय हात होता! अंगठ्याच्या मुळाशी स्नायू असा भरलेला, जणू कालपर्यंत काहीतरी घट्ट धरून होता. मनगटातून बोटांकडे जाणाऱ्या दोऱ्या एकेक मोजून घ्याव्यात. मी सरांना म्हटलं, शिंपी असणार. सर म्हणाले, शिंप्याचा खांदा असा नसतो, हा हात वर धरून काम करणारा माणूस आहे.

अकरा दिवस बसलो त्या हातापाशी. सहा वर्षांत पहिल्यांदा काम करताना गुणगुणत होतो, हॉलवाले काका बघायला आले की याला झालं तरी काय. शेवटच्या दिवशी सगळे गेल्यावर त्या टेबलाला मनोमन नमस्कार केला. देणाऱ्याचं नाव मला कधी कळणार नाही, पण त्याच्यामुळे हजारो पोरं हात म्हणजे काय ते शिकतील.

बाबा असते तर हे चित्र मी त्यांना पाठवलं असतं. पाट्या रंगवणाऱ्या माणसाला हाताची किंमत कळली असती.

तुझा,
धाकटा


२६ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं पत्र आज शिवणाच्या कारखान्यात नेलं आणि शाळेच्या गणवेशांचे सोळा खिसे उलटे शिवले. देखरेखीच्या बाई ओरडल्या.

मला ते चित्र बघायचंय. लगेच पाठव. का ते विचारू नकोस. आणि एक सांग, तो देह तुमच्याकडे कधी आला? कुठल्या गावाहून आला ते तुम्हाला सांगतात का?

ताई


८ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुला एकाएकी माझ्या मढ्यांची एवढी गोडी कशी लागली? आनंदच आहे. मूळ चित्र छापखान्यात आहे, छापून झालं की परत मिळेल. सोबत त्याचं प्रूफ पाठवतोय, घडी करू नकोस.

देह कधी आला, कुठून आला हे आम्हाला कळत नाही. औषधात ठेवून मग टेबलावर आणायला काही महिने जातात एवढं माहीत आहे. आजूबाजूच्या सगळ्या गावांतली हॉस्पिटलं आमच्याकडेच पाठवतात.

कसं वाटलं ते कळव. खोटं कौतुक नको.

धाकटा


१५ ऑक्टोबर

धाकट्या,

चित्र मिळालं. टेबल पुसून, हात धुऊन मग उघडलं.

खूप बारकाईनं काढलंयस. मी बराच वेळ बघत बसले. मग मला रडू आलं, आणि ते सुटल्याचं होतं की हुकल्याचं ते माझं मलाच कळलं नाही. कशाबद्दल ते नंतर कधीतरी सांगेन. मला एक शंका होती. तुझं चित्र पाहिलं आणि ती फिटली.

फक्त एकदा सांग म्हणजे मी शांत झोपेन. त्या हाताची करंगळी अशीच होती ना? सरळ?

ताई


२० ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझी नजर शिवणकामातली, तू बरोबर नको तिथे बोट ठेवलंस. नाही, सरळ नव्हती. चांगलीच वाकडी होती. कधीतरी मोडून तशीच बसलेली असणार. ती मी सरळ केली.

दचकू नकोस, ही लबाडी नाही. आमच्या कामाची रीतच आहे, त्या जुन्या चित्रकारांपासून चालत आलेली. चार देह बघायचे आणि एक काढायचा. पुस्तकातला हात कुणा एकाचा नसतो, सगळ्यांचा असतो. म्हणून व्रण गाळायचा, गाठ गाळायची, मोडकं बोट सरळ करायचं. नाहीतर शिकणाऱ्या पोरांना वाटेल की करंगळी अशीच असते. आधी मी पेन्सिलीनं जसंच्या तसं काढतो, मग सर खुणा करतात, मग मी खोडून दुरुस्त करतो आणि शाई भरतो. करंगळीवर त्यांना खूण करावीच लागली नाही. मी आपणहून सरळ केली आणि सर म्हणाले, आता तुम्ही तयार झालात.

तेव्हा झोप शांत. शंका कसली होती ते तरी सांग.

धाकटा


२७ ऑक्टोबर

धाकट्या,

बसून वाच.

तो हात बाबांचा होता.

तू जानेवारीत लिहिलंस की एक चांगला हात मिळत नाही. ते त्यांनी ऐकलं. आठ दिवसांनी मला न सांगता हॉस्पिटलमध्ये जाऊन देहदानाचा फॉर्म घेऊन आले. रंगाचा डबा ठेवायच्या फळीवर ठेवून भरला, त्यांच्या त्या पाटीसारख्या अक्षरात. वारसाची सही हवी होती. मी तीन दिवस केली नाही. भांडले, जेवले नाही. ते म्हणाले, "पोराला आयुष्यात मी एक ब्रश दिला आणि तोही त्यानं परत केला. हे तरी घेईल." मग मी सही केली. शेवटच्या चार दिवसांत माझ्याकडून वचन घेतलं की तुला नंतर कळवायचं, आणि कुठे नेलं ते सांगायचंच नाही. ते वचन मी आज मोडतेय.

मी म्हटलं, अहो, त्याच्याच समोर नेऊन ठेवतील तुम्हाला. तर हसले. म्हणाले, "ठेवू देत. चेहरा झाकतात ना? करंगळीवरून ओळखेल. चित्रकार आहे तो."

त्या करंगळीची गोष्ट तुला वेगळी सांगितली होती, की शिडीवरून पडले तेव्हा मोडली. शिडी नव्हती. तू तीन वर्षांचा होतास. कामाच्या खोलीचं लोखंडी शटर निसटून खाली आलं तेव्हा उंबऱ्यावर तुझा पंजा होता. त्यांनी मध्ये हात घातला. तुला ओरखडाही आला नाही. महिनाभर डाव्या हातानं पाट्या रंगवल्या, बिलकूल चांगल्या आल्या नाहीत. पुढे त्याच वाकड्या बोटाचा पाटीवर टेकू देऊन अक्षर काढायचे. पोराला कधी सांगायचं नाही, उगाच ओझं, असं आईला आणि मला दोघींनाही बजावलं होतं.

हाताची पाचही बोटं सारखी नसतात, असं सगळे म्हणतात. तू ती सारखी केलीस.

मला तुझा राग आलाय. काल दिवसभर होता, आजही आहे. अकरा दिवस तू त्यांचा हात समोर घेऊन बसलास, धाकट्या. अकरा दिवस. आणि ते तिथे वाट बघत होते.

ताई


१९ नोव्हेंबर

ताई,

चार पत्रं लिहून फाडली. हे जसं येईल तसं पाठवतोय.

तुझं पत्र वाचून तसाच हॉलमध्ये गेलो. चार नंबरचं टेबल धुऊन कोरडं ठेवलं होतं. सप्टेंबरअखेरीस सगळ्यांचं काम संपलं आणि सगळ्यांना एकत्रच शेवटचा निरोप देतात. विद्यार्थी रांगेत उभे राहतात, एक मिनिट शांतता पाळतात, मग गाडी येते. मीही त्या रांगेत होतो, ताई. त्या मिनिटात मी घड्याळाकडे बघत होतो. छापखान्यात जायचं होतं.

तुझ्यापासून आणखी एक गोष्ट लपवत नाही. करंगळी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला बाबा आठवले होते. अगदी आठवलेच नाहीत असं नाही. मी मनाशी म्हटलं, म्हाताऱ्यांच्या करंगळ्या वाकतातच. आणि खोडरबर घेतला. घेताना थोडं बरंसुद्धा वाटलं, की चला, आता बाबा मध्ये येणार नाहीत.

मग घरी बसून ती करंगळी आठवून काढायला गेलो. जमली नाही. पहिल्या पेरात वाकत होती की दुसऱ्या? आत वळत होती की बाहेर? ज्या हातानं मला पेन्सिल धरायला शिकवली त्याचं एक बोट मला काढता येईना. वीस कागद संपले. मी सरांकडे गेलो, सगळं सांगितलं. सर खुर्चीतून उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. पण पुस्तक छापून झालं होतं. आता त्या पानावर सरळ करंगळी आहे आणि खाली लिहिलंय, 'उजवा हात, पुढून'. माझं नाव पहिल्या पानावर आहे. त्यांचं कुठेच नाही. ते जुने चित्रकार आणि मी, आमच्यात काही फरक राहिला नाही.

काल छापखान्यातून मूळ चित्र परत आलं. फाडून टाकायचं म्हणून खिडकीशी नेलं. सकाळ होती, ऊन आडवं येत होतं. कागद तिरपा झाला आणि मला शाईच्या बाजूला एक सावली दिसली. मी पेन्सिल दाबून काढतो ना, ताई. रेघ खोडली तरी कागदात चर राहतो. त्या चरात ती होती. पहिल्या दिवशी काढली तशी, दुसऱ्या पेरात वाकलेली, बाहेर वळलेली, बाबांची. शाईच्या सरळ बोटाशेजारी.

आयुष्यभर ते मला ज्यावरून बोलले त्याच खोडीत तेवढे शिल्लक राहिले.

मी तो कागद माझ्याकडे ठेवायच्या लायकीचा नाही. तुला पाठवतोय. समोरून बघितलंस तर काही दिसणार नाही, उन्हात तिरपा धर.

त्यांना वाटलं होतं मी ओळखेन. मी हरलो, आणि ते माझ्यावर पैज लावून हरले. याचं काय करू ते सांग.


२८ नोव्हेंबर

धाकट्या,

कागद आला. मी खोकल्यानं आजारी होते म्हणून दोन दिवस उघडला नव्हता.

रागात मी तुला त्यांचं बोलणं अर्धंच लिहिलं, ते आता पुरं करते. "करंगळीवरून ओळखेल" म्हणाले तेव्हा मी विचारलं होतं, आणि नाहीच ओळखलं तर? त्यांनी पांघरूण छातीवर ओढून घेतलं. मग म्हणाले, "नाही ओळखलं तर हात थरथरणार नाही त्याचा. काम चांगलं होईल. तेही चालेल." हे मी सांत्वनासाठी बनवून लिहीत नाही. मला बनवता येत असतं तर इतके महिने गप्प बसले असते का?

काम चांगलं झालंय. ते मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं.

तुझा कागद मी स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकवून ठेवलाय, त्यांच्या अर्ध्या पाटीशेजारी. आपल्या या खिडकीत ऊन सकाळी साडेसातला येतं, आडवं. तेव्हा ती करंगळी इतकी स्वच्छ दिसते की परवा मी तिच्यावर बोट ठेवलं. चर हाताला लागतो. मी तिथेच उभी राहून चहा पिते, चहा निवतो. नऊ वाजले की ऊन वर चढतं आणि बोट पुसलं जातं. मग दिवसभर तो पुस्तकातला हात असतो, सगळ्यांचा. दुपारी मी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

कागद तुझा आहे, मी राखण करतेय. बाह्यांचं माप घ्यायचं राहिलंय, तेही होईल. पहिली गाडी साडेपाचची असते. यायचं असेल तर नऊच्या आत ये.

ताई